डॉक्टर आजारी आहेत, आजार मनाचा आहे

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात 'वेडा' हा शब्द उच्चारायला बंदी होती. कुणाच्या तोंडून तो निसटला की डॉक्टर हातातलं काम थांबवायचे आणि दाराकडे बोट करायचे. मग त्या माणसानं ओट्यावर जाऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं, आणि पाळी आली की पहिल्यापासून सांगायला सुरुवात करायची. "वेडा म्हणजे मला काही कळत नाही," डॉक्टर म्हणायचे. "झोपतो का? जेवतो का? कशाला भितो? ते सांग." राहात्याच्या बाजारच्या दिवशी भर उन्हात गाडी जुंपून आलेली माणसं या नियमापायी पुन्हा पुन्हा रांगेत फिरलेली मी पाहिली आहेत. त्यामुळे आसपासच्या गावांत डॉक्टरांविषयी एकच मत होतं, औषध चांगलं पण डोकं फिरलेलं. हे मत देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरची माणसं याच डोकं फिरलेल्या माणसानं उभी केली होती. ते आठवलं की आज इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापतं.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, आणि भाड्यानं खोली देणारे लोक भाडेकरूची सात पिढ्यांची चौकशी करत. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "घोरता का?" मी नाही म्हणालो आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला आणि माझ्या बायकोला मिळाल्या. पुढे दवाखाना, मधे त्यांची एक खोली, मागे अंगण आणि अंगणात आड. घरमालक म्हणून हा माणूस असह्य होता. सकाळी मी दात घासत असताना वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि मोठ्यानं वाचून त्यातल्या बातम्यांशी भांडायचे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भाकरी स्वतः थापायचे, ती कधी गोल झाली नाही, आणि ती उभ्यानंच कांद्याबरोबर खायचे. कोटाची बटणं रोज एक घर चुकवून लावलेली असत. मी सांगायला गेलो की म्हणत, "मास्तर, माझ्या कोटाला काही होत नाही. माणसांकडे बघा."

रोग्याला ते अहोजाहो करत आणि त्याच्या नातेवाइकाला अरेतुरे. खुर्ची एकच होती, ती रोग्याची. सासरा असो, सावकार असो, मामलेदाराचा माणूस असो, त्यानं उभं राहायचं. ज्याला घरात कुणी माणसात धरत नाही त्याला निदान माझ्या घरात तरी बसू दे, हे त्यांचं म्हणणं. आणि 'मन घट्ट कर' असा उपदेश जो रोग्याला करील त्याचं तोंड घट्ट शिवावं, असंही त्यांचं म्हणणं होतं. पाय मोडलेल्याला कुणी 'पाय घट्ट कर' म्हणतं का, असं ते विचारत, आणि समोरचा हसला की आणखी भडकत.

एकदा जवळच्या गावचे पाटील आपल्या धाकट्या भावाला घेऊन आले. पायात बैलाची साखळी, तिचं दुसरं टोक गाडीच्या साटीला. भाऊ अखंड बोलत होता, गात होता, येणाऱ्याजाणाऱ्याला मळा दान देत होता. कित्येक दिवस त्याला झोप नव्हती. डॉक्टर साखळी काढ म्हणाले. पाटील म्हणाले, "सोडला तर पळंल, डाक्टर. लई जोर हाय त्याच्या अंगात."

"मग तुझ्या पायात घाल," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आमचं दोघांचं बोलणं होईपर्यंत. नाहीतर ने परत."

पाटील आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस थट्टा करत नाही. गाडीत त्यांची म्हातारी आई बसली होती, ती थोरल्या लेकाकडे बघत राहिली. पाटलांनी साखळी पायात घालून घेतली आणि डॉक्टरांनी ती ओट्याच्या खांबाला अडकवली. बाजारचा दिवस. पेरूच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका, जनावरांचे दलाल, ओळखीपाळखीचे सगळे बघून गेले. पाटलांना तहान लागली तर घागर हाताच्या टप्प्यात नव्हती. ऊन अंगावर आलं तर सावलीत सरकता येत नव्हतं. डॉक्टर आत भावाशी बोलत राहिले, त्याचं गाणं ऐकत राहिले, आणि औषध देऊन त्याला आपल्या खोलीत निजवून मगच बाहेर आले. पाटील रडकुंडीला आले होते. "लई येळ झाला, डाक्टर," ते म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "आणि त्याला केव्हापासून बांधलाय?" पाटलांनी मान खाली घातली. पोळ्याला बांधला होता आणि आता दिवाळी तोंडावर आली होती.

तो भाऊ सावरला. मधूनमधून उसळायचा, पण लवकर आणत, बिनसाखळीचा आणत. आणि पाटील गावोगाव काय सांगत फिरले? डॉक्टर वेडा आहे, त्यानं मला खांबाला बांधलं. हे ऐकून लोक हळहळत. भावाच्या घोट्याला पडलेल्या घट्ट्याबद्दल एकजणही हळहळला नाही.

त्या काळी औषधं होती तरी किती? ब्रोमाइडचं मिक्श्चर, झोपेच्या काही गोळ्या, आणि उग्र वासाचं एक पातळ औषध, जे घेतलं की खोली दिवसभर घाणायची. मोठ्या शहरांत विजेचे झटके द्यायला सुरुवात झाली आहे, असं डॉक्टर मला मासिकांतून वाचून दाखवत. बाकी औषध म्हणजे झोप, वेळेवर अन्न, ऊन, आणि शेजारी एक न ओरडणारा माणूस. पूर्वी ते एका सरकारी वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला होते. तिथं माणसं बरी कमी होतात आणि विसरली जास्त जातात, म्हणून नोकरी सोडली, एवढंच त्यांनी मला सांगितलं. तरी एका विणकराच्या मुलाला त्यांना तिकडेच पाठवावं लागलं. त्याला माणसं नसताना आवाज ऐकू यायचे आणि ते आवाज त्याला आईला मारायला सांगायचे. डॉक्टर स्वतः त्याच्याबरोबर गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "प्रत्येकाला बरं करता येत नाही, मास्तर. पण मार तर थांबवता येतो? तेवढाही लोक थांबवू देत नाहीत."

सगळेच आजार आरडाओरडा करणारे नसतात, हे मला त्या घरात कळलं. एका धान्याच्या व्यापाऱ्याला दर बाजारी छातीत धडधड व्हायची, आता मी मरतो असं वाटायचं, नगरला जाऊन मोठ्या डॉक्टरांना छाती दाखवून झाली होती. आमच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे, तुम्हाला झाली आहे ती धास्ती, आणि धास्ती खोटी नसते, खरोखरीची धडधड करते. बायकोला वाटायचं सोंग करतो. डॉक्टरांनी तिला उभी करून फैलावर घेतलं.

आणि आमच्या ब्राह्मणआळीतल्या काकू. विधवा बाई, सोवळ्याबद्दल नावाजलेली. सरपणसुद्धा धुऊन वाळवून चुलीत घालायची. पहाटे पाण्यात हात घालायची ते दिवेलागणीपर्यंत हात पाण्यातच. आळीतल्या बायका मुद्दाम तिच्या पाया पडायला येत, केवढं पुण्य म्हणून. हाताची कातडी फाटून रक्त यायला लागलं तेव्हा मलमासाठी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात पाहिले आणि विचारलं, "धुतल्यावर बरं वाटतं का तुम्हाला?" काकू म्हणाल्या, घटकाभर वाटतं, मग पुन्हा वाटतं की राहिलं. आणि एकाएकी रडायला लागल्या. इतक्या वर्षांत तो प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

डॉक्टरांनी ओसरीवर येऊन सांगितलं की हा आजार आहे. आळी खवळली. सोवळ्याला आजार म्हणतो, भ्रष्ट आहे, ख्रिस्ती झाला असेल. डॉक्टर म्हणाले, "सोवळं पाळणारी बाई धुणंपुसणं उरकून देवापाशी बसते. या बाईला देवापाशी पोचायलाच मिळत नाही." यावर लोकांनी त्यांच्याकडे पाणी प्यायचं बंद केलं. ते मात्र रोज दुपारी काकूंकडे जाऊन बसत. काकूंनी दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात न धुता गप्पा मारत बसायचं. सुरुवातीला त्या घामाघूम व्हायच्या, थरथरायच्या. डॉक्टर त्यांना माहेरच्या गोष्टी विचारत. घालमेल हळूहळू आपोआप ओसरते हे काकूंना स्वतःला दिसायला कैक महिने लागले. ही युक्ती पुस्तकातली होती की डॉक्टरांच्या डोक्यातली, मला ठाऊक नाही. काकूंचे हात भरून आले. त्या उन्हात बसून शेवया करायला लागल्या. आणि ज्या बायका पूर्वी त्यांच्या पाया पडत त्याच म्हणायला लागल्या, डॉक्टरानं बाई बाटवली. रक्ताळलेले हात पुण्यवान आणि बरे झालेले हात बाटलेले. याला काय म्हणायचं?

आता दारावरच्या पाटीची गोष्ट. डॉक्टरांना स्वतःलाही आजार होता. एक-दोन वर्षांनी कधीतरी ते उतरत जायचे. आधी वर्तमानपत्राशी भांडण थांबायचं. मग भाकरी थापणं थांबायचं. मग कोट खुंटीवरून निघायचा नाही. आपल्याला हे सुरू झालं आहे असं ओळखू आलं की ते एक फळी घेत, तिच्यावर आपल्या हातानं लिहीत आणि दवाखान्याच्या दारावर ठोकत: 'डॉक्टर आजारी आहेत. आजार मनाचा आहे. बरे झाल्यावर दवाखाना उघडेल.' मी पहिल्यांदा ती पाटी पाहिली तेव्हा हादरलो. म्हणालो, डॉक्टर, नुसतं 'ताप आहे' असं लिहा. ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. तसेच म्हणाले, "ताप आला की ताप लिहीन."

लोक ती पाटी वाचायला लांबून येत. मोठ्यानं वाचत, एकमेकांना कोपरखळ्या मारत. वाचता न येणारे दुसऱ्याकडून वाचून घेत. काही आठवड्यांनी डॉक्टर उठत, दाढी करत, फळी काढून माळ्यावर टाकत आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र घेऊन माझ्या अंगणात भांडायला उभे राहत.

माझी धाकटी बहीण कुसुम या घरात आली ती बाळंतपणानंतर. तिचं सासर कोपरगावाकडच्या एका गावात, कुळकर्ण्यांचं घर. पहिला मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. पंधरवड्यातच तिची झोप उडाली. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, शेक-शेगडीच्या धुरात ती नुसती बसून राहायची. मूल जवळ दिलं तर घ्यायची नाही, माझ्या हातून याला काहीतरी होईल म्हणायची. मग बोलणंच बंद झालं. सासरी ठरलं की बाधा झाली. शिवेपलीकडच्या एका देवऋषाकडे नेलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली आणि लिंबाच्या ओल्या फोकांनी झोडपलं. ओली बाळंतीण होती ती. मला कळलं तेव्हा मी तडक गेलो. सासरच्यांनी मुलाला ठेवून घेतलं, तिला तेवढी मला नेऊ दिली. गाडीत तिच्या पाठीवरचे वळ बघून मी काय काय बोललो ते आता लिहवत नाही.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, दूध दिलं, आणि झोपेबद्दल, भुकेबद्दल विचारलं. ती मान हलवायची तेवढीच. मग ते त्याच आवाजात म्हणाले, "कुसुमताई, जीव द्यावासा वाटतो का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असलं अभद्र कुणी विचारतं का, नसलेलं मनात घालायचं? मी काही बोलणार तेवढ्यात कुसुम म्हणाली, "हो." किती दिवसांत तिचा तो पहिला शब्द होता. आणि मग ती हमसून हमसून रडली. डॉक्टर म्हणाले, सांगितलंत ते फार चांगलं केलंत, हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतो, आणि तो जातो. मला बाहेर बोलावून म्हणाले, "मास्तर, विचारल्यानं मनात जात नाही. आत असेल तर बाहेर येतं." त्याच दुपारी त्यांनी सुतार आणून अंगणातल्या आडावर फळ्या ठोकून घेतल्या. त्यानंतर आम्ही पाणी शेजारून आणत होतो. कुसुमला क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि उपदेश करायचा नाही, हे दोन नियम. माझी बायको तिच्यापाशी बसायची, मी शाळेतून आलो की मी, आणि दुपारी सोवळ्यातून सुटलेल्या काकू.

गोळ्यांनी तिला झोप लागायला लागली. मग भूक लागली. मग एक दिवस तिनं डॉक्टरांची भाकरी बघितली आणि म्हणाली, "द्या इकडे," आणि स्वतः थापली. त्याच सुमारास डॉक्टर उतरले आणि पाटी लागली. तेव्हा कुसुमनं त्यांना पेज करून भरवली. काही न बोलता ती त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात निवडणटिपण घेऊन बसून राहायची. त्यांना काय हवंय हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. दोघंही बरी झाली. कुसुमला एकच हवं होतं, तिचं मूल. रात्रंदिवस तेच. आता त्याला दात आले असतील, आता बसत असेल, एवढंच बोलायची.

तिचे सासरे आले. बरोबर गावचे दोघे वडीलधारे आणि तिचा नवरा, जो सबंध वेळ आपल्या टोपीची घडी बघत होता. सासरे वाईट माणूस नव्हते, शिकलेले होते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ते गोड बोलले. म्हणाले, सून बरी दिसते, आनंद आहे, आम्ही न्यायला आलो आहोत. फक्त डॉक्टरांनी या दोघांसमक्ष एवढं म्हणावं की आजार वगैरे काही नव्हता, बाहेरची बाधा होती, देवऋषानं काढली, इथं नुसती विश्रांती झाली. "माझ्या दोन मुली उजवायच्या आहेत," ते म्हणाले. "बाधा कुणालाही होते. उतरली की गाव विसरतं. मनाचा आजार म्हटलं की लोक म्हणतात रक्तात आहे. मग आमच्या दारात कोण येणार? आणि तसंच असेल तर मला मुलाचं दुसरं लग्न करावं लागेल. नातू काही आम्ही देणार नाही." तेव्हा दुसऱ्या लग्नाला बंदी नव्हती. ते धमकी देत नव्हते, हिशेबी माणसासारखं सांगत होते.

डॉक्टर उसळले. मार कुणी दिला आणि बरं कुणी केलं हे आत ती बसली आहे तिच्या पाठीला विचारा, म्हणाले. त्यावर त्या वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणाला की आम्ही ऐकलंय, तुम्हालाच असलं काही होतं, दारावर पाटी लावता. ही मंडळी येणार असा निरोप आल्यावर आदल्या संध्याकाळी मी डॉक्टरांच्या हातापाया पडलो होतो, हे निघालं तर एवढा एक दिवस नाही म्हणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो, होतं," ते म्हणाले. "मला होतं आणि तिला झालं. एकच आजार. मी बरा होतो, तीही झाली. परत होईल का, ते मला सांगता येत नाही. झालाच तर लवकर आणा, लवकर बरी होईल."

सासरे उठले. म्हणाले, म्हणजे वेड्याच्या भरवशावर आम्ही सून घरात घ्यायची. आता रांगेच्या शेवटी पाठवायला तिथं रांग नव्हती. तेवढ्यात कुसुम आतून आली. डोईवरचा पदर सारखा करून खाली बघत म्हणाली, "मामंजी, बाधाच होती. उतरली."

डॉक्टरांना राग गिळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गाडी जुंपली, कुसुम गेली. जाताना डॉक्टरांनी तिला एवढंच सांगितलं की झोप उडाली तर त्याच दिवशी निघायचं. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मला म्हणाले, "पोरीनं मूल मिळवलं, मास्तर. तिचं काही चुकलं नाही. पण देवऋषाला शिफारस मिळाली."

तसंच झालं. कुळकर्ण्यांची सून देवऋषाकडे बरी झाली, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. तो बसायचा त्या पिंपळाखाली अमावास्येला गाड्यांची रीघ लागायला लागली. बऱ्या झालेल्या माणसानं दर अमावास्येला नारळ घेऊन यायचं आणि सगळ्यांसमोर बसायचं, अशी तिथली चाल. सासू कुसुमला घेऊन जायची, मुलगाही तिच्या कडेवर असायचा, म्हणजे बघणाऱ्यांची खात्री पटे. डॉक्टरांनी बरी केलेली माझी बहीण तिथं जाहिरात म्हणून बसवत होते. हे मला लिहितानाही सहन होत नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे एक तरुण मुलगा आणला. उदास होऊन शेतात जायचा बंद झाला होता, म्हणून देवऋषानं त्याला तापल्या विळ्यानं डाग दिले होते. जखमांत पू झाला होता. त्याच्या बापाला डॉक्टरांनी विचारलं, कुणी सांगितलं तिकडे न्यायला? तो म्हणाला, "कुलकर्न्यांची सून तितंच बरी झाली नव्हं? म्हून नेला." डॉक्टर त्या बापावर ओरडले नाहीत. गुपचूप जखमा धुवत राहिले. मुलगा वाचला, पण एक हात आखडला तो आखडलाच.

भाऊबीजेला मी कुसुमकडे गेलो तेव्हा तिला हे सांगितलं. लपवून मला झोप आली नसती. तिनं ओवाळलं, जेवायला वाढलं आणि मुलाच्या तोंडात घास घातला.

त्यानंतरच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बाजार होता. ओटा भरलेला. एक गाडी येऊन थांबली. तीत एक कोवळी बाळंतीण, डोळे थिजलेले, तिच्या मांडीवर तान्हं मूल, पुढे तिचा नवरा, आणि मागे कुसुम. तिचा मुलगा तिच्या कडेवर. बाकी हातात काही नाही, एक गाठोडंसुद्धा नाही.

डॉक्टर आधी त्या बाळंतिणीला आत घेऊन गेले. काय झालं ते तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं. देवऋषानं त्याच्या बायकोवर फोक उगारला, तिची आई मधे पडली, तेव्हा देवऋषी म्हणाला, ह्या कुळकर्ण्यांच्या सुनेला विचारा. "ताई उठल्या," तो म्हणाला. "समद्यांम्होरं म्हनल्या, मला बाधा न्हवती, आजार हुता. राहात्याच्या डाक्टरांनी बरा केला. हितं मला नुसता मार बसला. लोक अंगावर आलं त्यांच्या. सासूनं तितंच सांगितलं, आता आमचा उंबरा चढू नकू." आणि कुसुम पोरगं कडेवर घेऊन याच्या गाडीत चढली. पुढे त्या मुलापायी कोर्टकचेऱ्या झाल्या, तो इथंच वाढला, माझ्याच शाळेत शिकला, ते सगळं नंतरचं.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, मुलीला लवकर आणलं, बरी होईल. मग कुसुमकडे बघितलं, तिच्या कडेवरच्या मुलाकडे बघितलं. "घर गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं," ती म्हणाली.

डॉक्टर ओट्याच्या पायरीवर बसले आणि भर बाजारात रडायला लागले. तोंड न झाकता, लहान मुलासारखे. रांगेतली माणसं मागे सरकली. पेरूवाल्या उठून बघायला आल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "डाक्टरला परत झालं वाटतं."

कुसुमनं मुलाला माझ्याकडे दिलं आणि त्या माणसाकडे वळली. "नाही," ती म्हणाली. "हे बऱ्या माणसाचं रडणं आहे. मला दोन्ही ठाऊक आहेत."